भाऊजी आले, प्रार्थना करून गेले

ताई, प्रभूमध्ये सलाम.

मी ऐरोलीत राहतो. वय 54. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच आहे आणि दर गुरुवारची घरगुती प्रार्थनासभा मीच चालवतो. इस्टरच्या आधी माझे थोरले भाऊ अचानक गेले. मी कळव्याला वहिनींकडे गेलो, वचन वाचलं, प्रार्थना केली. पुढे बायकोकडून कळलं की वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी आले, प्रार्थना करून गेले. मला सांगायचं होतं ते राहूनच गेलं.’

घरी 23 वर्षांची मुलगी आहे. चार महिने झाले, रविवारी उपासनेला येत नाही. विचारलं तर म्हणते, ‘पप्पा, तुमच्याशी बोलायला बसलं की उपासना सुरू होते.’ सकाळी आम्ही दोघं एकत्रच स्टेशनपर्यंत चालत जातो, पण तिच्या कानात इअरफोन असतात.

पहाटे पाचला उठून मी रोज एक तास प्रार्थना करतो: घरच्यांची नावं, मंडळीची नावं, आजारी माणसं, देश, शेवटी प्रभूची प्रार्थना. तरी देव माझ्याशी बोलतो असं मला कधी जाणवलेलं नाही. मंडळीतले काही जण सहज म्हणतात, ‘प्रभूने मला सांगितलं.’ माझ्यात काय उणं आहे? या वयात ऐकायला शिकता येतं का? की प्रार्थनासभा घेणंच सोडून देऊ?

– एक बंधू, ऐरोली

*

बंधू, सलाम.

देव माझ्याशी बोलत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आणि त्याच्या आधी दोन माणसं तुमच्याशी काय बोलली, ते अगदी शब्दन्‌शब्द उतरवून काढलंय. वहिनींचं वाक्य तर तुम्ही स्वतः ऐकलेलंही नाही, दुसऱ्याच्या तोंडून आलंय, तरी ते पाठ आहे. म्हणजे कान शाबूत आहेत. ही दोन वाक्यं देवाचीच वाणी आहे असं छातीठोकपणे सांगणारी मी कोण? पण तुमच्या जागी असते, तर आकाशाकडे बघण्याआधी या दोन वाक्यांपाशी बसले असते.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. रात्री देवाची हाक येते, ती म्हाताऱ्या याजकाची समजून पोर तीनदा उठून त्या याजकाकडे, एलीकडे, धावतं, वगैरे. आपण सगळे त्यात शमुवेल होऊन बसतो. आता तुमचं-माझं वय झालं, ती गोष्ट एकदा एलीच्या बाजूने वाचा. हाच एली दोन अध्याय आधी शमुवेलाच्या आईला, हन्नाला, प्यायलेली समजला होता. ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. प्रार्थना ओळखणं हेच ज्याचं काम, त्या याजकाला प्रार्थना ओळखता आली नाही. वर त्याने तिला झापलं. पण तिने आपलं दुःख सांगितल्यावर तो वाद घालत बसला नाही. शांतीने जा, म्हणाला. पुढे त्या रात्री मुलाला हाक मारणारा देव आहे हे ओळखलं कोणी? एलीनेच. आणि सकाळी त्याने त्या पोराला विचारलं, काय सांगितलं ते माझ्यापासून लपवू नकोस.

सांगितलेलं होतं ते एलीच्या स्वतःच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेबद्दल. ऐकून तो एवढंच म्हणाला की तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. एलीचं बाकीचं बरंच काही चुकलं होतं, स्वतःच्या मुलांना त्याने आवरलं नाही, ते खरंच. पण म्हाताऱ्या याजकासाठीचा निरोप त्याच्याच छपराखाली वाढणाऱ्या पोराच्या तोंडून आला, आणि तो ऐकायला त्याने स्वतःहून कान पुढे केला, हे मला फार मोठं वाटतं. तुमच्याही घरात 23 वर्षांचं कोणीतरी आहे.

मुलीकडे येते. आधी वहिनी.

तुम्ही त्यांना कोणतं वचन वाचून दाखवलं ते लिहिलेलं नाही, पण पैज लावून सांगते, रोमकरांस 8:28. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पत्रात चार अध्याय पुढे तोच पौल लिहितो की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. पहिलं वचन आपण मयताच्या घरी घेऊन जातो, दुसरं मात्र घरीच ठेवून जातो. आणि कधीकधी, राग मानू नका, वचन वाचणं आणि डोळे मिटून लांब प्रार्थना करणं ही समोरच्याच्या रडण्यातून सुटण्याची वाट असते. डोळे मिटले की तिच्याकडे बघावं लागत नाही. आमेन झालं की उठता येतं. आणि तुमचाही तर भाऊच गेला होता. तुम्हालाही तिथे बसवत नसेल.

योहानाच्या 11व्या अध्यायात लाजाराचं मरण आहे. ‘येशू रडला’ एवढं आपल्याला पाठ असतं, पण त्याच्या आधीचं बघा. लाजाराची बहीण मार्था गावाबाहेर येऊन म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि पायांवर पडून तेच म्हणते. तेच वाक्य. दोघींची तक्रार एक, भाऊ एक, दिवसही एकच. मार्थेला प्रभू उत्तर देतो, तिच्याशी पुनरुत्थानाबद्दल बोलतो, तिला प्रश्न विचारतो. कारण मार्थेला बोलायचं होतं. तिच्या वाक्याला पुढे शेपूट होतं, ‘तरी आताही मला ठाऊक आहे...’ मरीयेचं वाक्य तिथेच तुटतं. तिला प्रभू शिकवण देत नाही, एकही सिद्धांत सांगत नाही. त्याला कुठे ठेवलंय, विचारतो, आणि रडतो. पाच मिनिटांत लाजार उठून बाहेर येणार हे त्याला माहीत असताना रडतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी दोघींना एकच उत्तर दिलं असतं. वाक्य सारखं, मग उत्तर सारखं. प्रभूने मात्र त्या वाक्यामागची बाई ऐकली.

वहिनींना काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. कदाचित शेवटच्या रात्री काय झालं ते असेल. कदाचित दवाखान्यात न्यायला उशीर झाला, याचा सल असेल. कदाचित नवऱ्यावरचा जुना राग असेल, जो मेल्या माणसाबद्दल बोलायचा नसतो म्हणून आत कोंडलाय. कदाचित नुसतं पेन्शनचं, सोसायटीच्या थकबाकीचं, कुठे सही करायची त्याचं असेल. ते अंदाजाने भरून काढू नका. पुन्हा जा. वहिनी, त्या दिवशी तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं आणि मी घाईत निघालो, आज मी बसायला आलोय, इतकं सरळ म्हणा. मग गप्प राहा. त्या गप्प राहिल्या तरी गप्प राहा. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत; अख्ख्या पुस्तकात त्यांच्या हातून झालेलं तेवढंच बरं काम. नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. गंमत म्हणजे त्यांची भाषणं वाचली तर भक्तिपर वाटतात, उपासनेत संदेश म्हणून सहज खपतील. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, आरडाओरड करणाऱ्या ईयोबावर नाही.

ऐकताना एक पथ्य पाळाल का? त्यांचं बोलणं संपलं असं वाटलं की लगेच सुरू होऊ नका. बहुतेक वेळा खरं ते दुसऱ्या वाक्यात येतं, पहिलं आपलं दार ठोठावून बघण्यासाठी असतं. त्या रडल्या तर ‘रडू नका’ म्हणू नका. ‘मला कळतं’ असंही नको, कारण नवरा जाणं तुम्हाला कळत नाही. तुमचा भाऊ गेला, ते तुम्हाला कळतं. ते बोलावंसं वाटलं तर बोला, पण त्यांचं झाल्यावर. निघताना विचारा, प्रार्थना करू का, आणि कशासाठी करू? ‘नको’ म्हणाल्या तर नको. आंधळा बार्तीमय ओरडत आला तेव्हा त्याला काय हवंय हे कोणालाही दिसत होतं. तरी प्रभूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? विचारायचं असतं.

आणखी एक, आणि हे तुम्ही पंच आहात म्हणून जास्त आग्रहाने लिहिते. वहिनी जे सांगतील ते कळव्यातच राहू द्या. गुरुवारच्या सभेत ‘आमच्या वहिनींसाठी प्रार्थना करू या, त्यांच्या मनात अमुक अमुक चाललंय’ असं म्हणू नका. आपल्याकडे प्रार्थनेच्या विषयाच्या नावाखाली इतक्या घरांच्या गोष्टी रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत होतात की लोकांनी बोलणंच सोडलंय. एखाद्याने विश्वासाने सांगितलेलं देवापुढे न्यायला माइक लागत नाही.

मात्र इस्टर उलटून इतके दिवस झाल्यावरही त्या जेवत नसतील, झोपत नसतील, किंवा ‘मलाही त्यांच्याजवळ जायचंय’ असं म्हणत असतील, तर फक्त ऐकून चालणार नाही. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416, तिथे मराठीतही बोलता येतं. यात विश्वासाची कमतरता वगैरे काही नाही.

आता मुलगी. ती उपासनेला कशी येईल, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या आडून तेच डोकावतंय. त्याचं उत्तर मी देणार नाही. ती का येत नाही हे तुम्हाला चार महिन्यांत कळलेलं नसेल, तर आणण्याचा विचार आत्ता बाजूला ठेवा. कारण कदाचित श्रद्धेशी संबंधित असेल, कदाचित मंडळीत कोणी काही बोललं असेल, कदाचित कोणाचं तरी वागणं असेल. कदाचित पंचाची मुलगी म्हणून पहिल्या बाकावर बसायचा कंटाळा आला असेल. तिचं वाक्य पुन्हा वाचा. ‘उपासना नको’ असं ती म्हणालेली नाही. तुमच्याशी बोलायला बसलं की उपासना सुरू होते, असं म्हणालीय. बोलायला ती बसली होती, बंधू.

स्टेशनपर्यंतची वाट तुमच्याकडे आहे, हे मोठं भाग्य. पुढे ती लेडीज डब्यात, तुम्ही जनरलमध्ये, मग मध्ये एक दिघा गाव की ठाणे आलंच. त्यामुळे जे काही आहे ते घर ते ऐरोली स्टेशन. समोरासमोर खुर्चीवर बसवून ‘बोल, काय प्रॉब्लेम आहे’ असं विचारलं की तरुण मुलं मिटतात. बरोबरीने चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून तोंड सैल होतं. अम्माऊसच्या वाटेवर हेच झालं. यरुशलेमपासून ते गाव साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून कोपरखैरण्याच्या आसपास पायी निघाल्यासारखं. प्रभूच्या क्रुसावरच्या मरणाने दोघं शिष्य खचून चाललेत, पुन्हा उठलेला प्रभू, त्यांना ओळखू न येता, येऊन बरोबर चालू लागतो आणि विचारतो, कशाबद्दल बोलताय? ते म्हणतात, यरुशलेमेत काय घडलं ते तुम्हाला एकट्यालाच ठाऊक नाही का? ज्याच्यावर ते घडलं तोच विचारतो, ‘कोणतं?’ आणि त्यांना सगळं बोलू देतो, त्यांची निराशा, आशा होती पण आता नाही, बायकांनी काहीतरी सांगितलं पण विश्वास बसला नाही, सगळं. शास्त्र उलगडून सांगतो, पण त्यानंतर.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी अम्माऊस गाठायला जाऊ नका. इअरफोन काढ, असं म्हणू नका. काही दिवस नुसते चाला. मग एखाद्या सकाळी विचारा, काय ऐकतेस? खरंच उत्सुकता असेल तरच. ती सांगेल ते गाणं किंवा जे काही असेल ते दोन मिनिटं ऐका, आणि त्यावर शेरा मारू नका. ‘यापेक्षा भक्तिगीतं’ हे शब्द गिळा. कधीतरी ती तुमच्याबद्दलच काहीतरी कडू बोलेल. त्या दिवशी एलीची ती सकाळ आठवा. लपवू नकोस, सांग, असं म्हणता आलं तर म्हणा. ऐकून घेणं म्हणजे पटणं नव्हे, हे तिलाही ठाऊक आहे. तुमचं मत तिला लहानपणापासून तोंडपाठ आहे, ते पुन्हा सांगायची घाई नाही. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाजिरवाणी गोष्ट, असं नीतिसूत्रांत, 18व्या अध्यायात, स्पष्ट लिहिलंय. संदेशात हे वचन मात्र फारसं ऐकू येत नाही.

हे जमेल का, या वयात? तुम्ही कारखान्यात इतकी वर्षं काढलीत. मशीनचा आवाज जरा बदलला, तर खात्याच्या दुसऱ्या टोकाला असूनही तुम्हाला कळत असेल की बेअरिंग गेलंय. नव्या पोराला सगळा नुसता गोंगाट वाटतो. तो कान काही देणगी म्हणून आला नव्हता. रोज तिथे उभं राहून, बिघाडाची जबाबदारी आपली आहे हे मानून तो तयार झाला.

राहता राहिला तुमचा पहाटेचा तास. त्या तासात काय करता ते तुम्ही लिहिलंय: घरच्यांची नावं, मंडळीची नावं, आजारी माणसं, देश, शेवटी प्रभूची प्रार्थना. म्हणजे तासभर तुम्हीच बोलता. देवाला मध्ये तोंड घालायला जागा कुठे आहे? यादी वाईट नाही, ठेवा. पण अर्ध्या तासात आटपा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बायबल ॲपमध्ये असेल तर आता छापील काढा. उरलेल्या वेळात एकच छोटा उतारा, स्तोत्रातल्या चार-पाच ओळी, हळू, दोन-तीनदा वाचा आणि बसा. मन भटकेल, सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू होईल, कारखान्याचं काम आठवेल. भटकलं की परत आणायचं, स्वतःला रागवायचं नाही. मठांतून शेकडो वर्षं लोक असंच वाचत आले आहेत, यात नवीन काही नाही.

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत वारा, भूकंप आणि अग्नी झाल्यावर ती शांत, मंद वाणी येते, त्यावर तुम्ही स्वतःच संदेश दिला असेल. मला त्यातलं वेगळंच आवडतं. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या माणसाला देव आधी झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. मग डोंगरावर विचारतो, एलीया, तू इथे काय करतोयस? एलीया आपलं रडगाणं गातो: मी एकटाच उरलोय, माझाही जीव घ्यायला टपलेत. वारा-भूकंप सगळं होतं, देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि एलीया जसंच्या तसं तेच रडगाणं पुन्हा गातो. देव म्हणत नाही की हे आत्ताच सांगितलंस. दोन्ही वेळा ऐकून घेतो, मगच पुढचं काम सांगतो. आणि तू एकटा नाहीस, सात हजार जण आहेत, हेही अगदी शेवटी. तुम्ही ज्याच्यासमोर पहाटे बसता तो हा असा ऐकणारा आहे. तुमच्या तासात तुमच्या भावाबद्दलचं रडणं कधी आलंय का? यादीत ते दिसलं नाही.

‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणणाऱ्यांमुळे स्वतःला कमी समजू नका. काहींचं खरं असेल. पण प्रभूने अमुक टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायला सांगितलं, अमक्याशी बोलू नको म्हणून सांगितलं, असं कोणी म्हणालं की मी आपली सावध होते. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला दोन्ही सांगितलं: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा. जे ऐकू आलं ते वचनाशी जुळतं का, त्याने मी नम्र होतोय की फुगतोय, आणि मला ओळखणाऱ्या, माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या एखाद्या माणसाला ते पटतंय का, एवढं बघायचं. तुमच्या घरात तशी दोन माणसं आहेत.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं दिवस मागे वळून बघायची एक जुनी रीत आहे. इग्नाटियस लोयोला यांनी 16व्या शतकात ती आपल्या जेझुइट संघातल्या लोकांना घालून दिली. कॅथलिक रीत म्हणून नाक मुरडू नका. आज देव कुठे जवळ होता, मी कुठे लांब गेलो, इतकंच. तुमच्यासाठी त्यात एक प्रश्न वाढवते: आज मी कोणाचं बोलणं मध्येच तोडलं? नाव आठवलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जायचं. कधी संध्याकाळी घरी जायची घाई नसेल, तर ठाण्यात तलावपाळीजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये, उघडं असेल तेव्हा, थोडं बसून बघा. पोर्तुगीज काळापासूनची ती जागा आहे. बाहेर भेळवाले, हॉर्न, बोटिंगची गर्दी सगळं असतं, आणि आत गेलं की आपल्याला कोणी संदेश द्यायला सांगत नाही.

प्रार्थनासभा सोडू नका. पण पुढचे काही गुरुवार ती दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या, शक्यतो जो कधीच बोलत नाही अशाला. तो अडखळेल, चुकीचा अध्याय काढेल, गाणं वरच्या पट्टीत धरेल. तुम्ही मागे चटईवर बसा आणि त्याला सुधारू नका. सभेत नुसत्या येऊन जाणाऱ्या त्या आजीबाई, ज्यांना शेवटी ‘तुमची काही विनंती?’ असं उभ्या उभ्या विचारलं जातं, त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असते. तिथे बसा. चहा झाल्यावर लगेच चपला शोधायला उठू नका.